गांधीजयंतीला मिळालेली बांधकाम परवानगी

एका फ्लॅटमागे २६,७६,५०० रुपये गेले. ठाणे जिल्हा, लोकल स्टेशनपासून शेअर रिक्षाने पंधरा मिनिटं, स्टिल्ट अधिक सात मजले, मजल्यावर सहा, असे ४२ फ्लॅट. वन बीएचके, ३८२ चौरस फूट कार्पेट. इमारतीच्या गेटवर इमारत अनधिकृत असल्याची पालिकेची नोटीस चिकटवलेली आहे आणि कर्जाचा हप्ता दर पाच तारखेला न चुकता कापला जातो. बिल्डर गायब आणि एजंटचा फोन बंद, हे सांगत बसत नाही. ते सगळ्यांना पाठ आहे. बोलायचंय ते कागदांबद्दल. ज्याला त्याला एकच ऐकवायचं असतं, "कागद न बघता पैसे कसे दिले?" कागद बघितले होते हो. वकिलाला १५,००० देऊन बघून घेतले होते.

आधी हिशेब, म्हणजे कुठे किती गेले ते कळेल. करारनाम्यातली किंमत २१,५०,०००. मुद्रांक शुल्क सात टक्के, १,५०,५०० (नुसत्या बाईच्या नावावर घेतला असता तर एक टक्का वाचला असता, तेही कोणी सांगितलं नाही). नोंदणी फी २१,५००. परवडणाऱ्या घराचा जीएसटी एक टक्का, २१,५००. घेतला रोख, पावती 'नंतर देतो'. एजंटचे दोन टक्के, ४३,०००. वकील १५,०००. आणि पार्किंग, मीटर, सोसायटी फॉर्मेशन या नावाखाली २,७५,००० रोख. या शेवटच्या रकमेचा कुठेही पुरावा नाही, त्यामुळे कोणत्याही तक्रारीत ती मागता येत नाही. रोख द्यायला नको होती हे कळत होतं. पण करारनामा झालेला, कर्ज सुरू झालेलं आणि किल्ली बिल्डरच्या खिशात, अशा वेळी ४२ पैकी ४२ जणांनी दिली.

हातात काय काय होतं? सातबारा, बिनशेती आदेश, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी, मंजूर नकाशा, वकिलाचं टायटल सर्टिफिकेट (जमिनीच्या मालकीचा दाखला), रेरा नंबर (रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण), नोंदणी झालेला करारनामा आणि इंडेक्स टू (त्या नोंदणीचा उतारा). यातला सातबारा खरा. करारनामा खरा. रेरा नंबर, पी५१७ ने सुरू होणारा, साइटवर टाकला की प्रकल्प उघडतो, तोही खरा. खोटी फक्त सीसी आणि तिला जोडलेला नकाशा. बाकी सगळं त्या एका खोट्या कागदावर उभं.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या. बिल्डरने बनावट सीसी रेराकडे अपलोड केली, रेराने नंबर दिला. रेरा नंबर आहे म्हणून फायनान्स कंपनीच्या वकिलाने फाइल पास केली. बिल्डरच्या वकिलाचं टायटल सर्टिफिकेट 'मला दाखविण्यात आलेल्या कागदपत्रांच्या प्रतींवरून' या शब्दांनी सुरू होतं. ते पाच शब्द आपण वाचत नाही, तो मात्र स्वतःच्या सुटकेसाठीच ते लिहितो. दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारा अधिकारी, शुल्क, ओळख आणि साक्षीदार बघतो, इमारत अधिकृत आहे की नाही हे बघत नाही. आपला वकील या सगळ्यांचे शिक्के बघून मान डोलावतो. पाच जणांनी तपासलं असं वाटतं. प्रत्यक्षात पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन 'ही सीसी तुम्ही दिली का?' एवढा प्रश्न एकानेही विचारलेला नसतो.

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण पेपरांत वाचलं असेलच. तिथेही बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवली होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. आमची इमारत त्या ६५ मध्ये नाही. पद्धत मात्र तीच, अक्षरशः तीच.

आता ती सीसी. तिच्यावरून आजही डोकं फिरतं. पालिकेचं बोधचिन्ह, जावक क्रमांक, गोल शिक्का, सहायक संचालक, नगररचना यांची सही. आणि उजव्या कोपऱ्यात तारीख: ०२/१०/२०२०. दोन ऑक्टोबर! गांधीजयंतीला कुठल्या पालिकेचा नगररचना विभाग उघडा असतो? शाळेतल्या पोरालाही सुट्टी माहीत असते. ४२ खरेदीदार, त्यांचे वकील, फायनान्स कंपनी, रेरा, कोणाच्या नजरेला ती तारीख खुपली नाही. बरं, तारीख सुटली तर सुटली, खाली तिसऱ्या अटीत 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार' असं लिहिलेलं आहे. ती नियमावली लागू झाली डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे दोन महिन्यांनी येणाऱ्या नियमांखाली सुट्टीच्या दिवशी परवानगी. हे आपल्याला कळायला हवं होतं असं म्हणणं जरा जास्त आहे, पण १५,००० घेणाऱ्या वकिलाला?

तिसरी खूण हिश्शाची, म्हणजे सर्व्हे नंबरच्या पोटविभागाची. सातबारा हिस्सा नंबर ३ चा, सीसीवर हिस्सा २. एजंट म्हणाला टायपिंग मिस्टेक आहे, शुद्धिपत्रक येतंय. सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, मालकाचं नाव: सातबारा, बिनशेती आदेश, सीसी आणि करारनामा या चारही कागदांवर हे अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एक आकडा वेगळा असेल तर पैसे थांबवा. शुद्धिपत्रक आल्यावर बघू.

खरं तर कागदाच्याही आधी थांबायला हवं होतं. राष्ट्रीयीकृत बँकेत फाइल दिली होती. बँकेने सीसीची पालिकेकडून खातरजमा मागितली आणि फाइल पडून राहिली. एजंटचं उत्तर तयार होतं, "सरकारी बँकेत चपला झिजतात, साहेब." त्याने खासगी फायनान्स कंपनी आणली, चार दिवसांत १७,२०,००० मंजूर. व्याज १२.७५ टक्के, वीस वर्षं, हप्ता १९,८४६. बँक नकार देत नव्हती, ती फक्त एक प्रश्न विचारत होती, आणि तो प्रश्न टाळण्यासाठी आपण चार-पाच टक्के जास्त व्याज द्यायला तयार झालो. हा क्षण आठवला की अजून कानशिलं तापतात. स्वस्त घर, महाग कर्ज आणि मंजुरीची घाई ही तिन्ही एकत्र दिसली की तिथून उठायचं.

दुसरा असाच क्षण चेकचा. करारनाम्याआधी ४,३०,००० घेतले, म्हणजे वीस टक्के. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांवर घेताच येत नाहीत; इथे २,१५,००० ही मर्यादा होती. शिवाय चेक ज्या फर्मच्या नावाने मागितला तिच्या नावात 'डेव्हलपर' होतं आणि रेरावर 'डेव्हलपर्स'. एका 'र्स'चा फरक. सत्तर टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायची असते. बिल्डरचं नोंदलेलं नाव रेराच्या साइटवर दिसतं. चेकवरचं नाव त्याच्याशी जुळवून घ्या, मोठ्याने वाचून.

मग सगळे एवढे गाफील कसे राहिले? यामागे एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी बोलत नाही. या भागात एका मजल्यावर सहा घरं आणि पाच भाषा आहेत. खानदेशातले, कोकणातले, उत्तर प्रदेशातले, तमिळ, गुजराती, मुसलमान, नवबौद्ध, सगळे. यातल्या कित्येकांना चार ठिकाणी आडनाव ऐकून किंवा 'नॉनव्हेज खाता का' विचारून परत पाठवलेलं. इथे एजंटने पहिल्याच भेटीत सांगितलं, "आमच्याकडे कोणाला काही विचारत नाहीत." दहा दारं बंद झालेल्या माणसाला हे वाक्य ऐकल्यावर आपणही प्रश्न विचारू नयेत असं वाटायला लागतं. बिल्डरने ते बरोबर हेरलं. प्रत्येक समाजाला त्यांच्यातलाच एजंट, त्यांच्याच भाषेत. मराठी माणसाला 'आपला माणूस' भेटला, बाकीच्यांना त्यांचा. कोणी कोणाशी कागद ताडून बघितले नाहीत. नोटीस लागल्यावर सगळ्यांच्या फायली एका टेबलावर आल्या तेव्हा कळलं, मंजूर नकाशाच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या वाटल्या होत्या. एकात पाचच मजले! बुकिंग करण्याआधी दुसऱ्या मजल्यावरच्या, दुसऱ्या भाषेतल्या खरेदीदाराला गाठा आणि त्याची सीसी आपल्या सीसीशेजारी ठेवा. मोडक्यातोडक्या हिंदीत चालेल.

खरं-खोटं करायला लागतं किती? दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. माहिती अधिकाराचा अर्ज, पालिकेच्या नगररचना विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे: अमुक जावक क्रमांक, अमुक दिनांकाची परवानगी कोणत्या सर्व्हे व हिस्सा क्रमांकासाठी, किती मजल्यांना दिली, प्रमाणित प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या अर्जाला बावीस दिवसांत आलं: सदर जावक क्रमांक अन्य सर्व्हे क्रमांकावरील तळ अधिक एक मजल्याच्या बांधकामाचा असून आपण नमूद केलेल्या मिळकतीस या कार्यालयाने परवानगी दिलेली नाही. दोन ओळी. हेच पत्र पैसे देण्याआधी मागवलं असतं तर? नाही मागवलं. एजंट म्हणत होता पंधरा तारखेनंतर रेट दीड लाखाने वाढतोय.

सीसीवर क्यूआर कोड असला तरी भाळू नका. स्कॅन केल्यावर उघडणारं पान सरकारी पत्त्यावरचं आहे का ते बघा, कोड कोणीही छापू शकतो. आणि 'फर्निचरसाठी ताबा' हा प्रकार घेऊ नका. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) नाही म्हणजे ताबा नाही, मग त्याला काहीही गोंडस नाव द्या.

आता सरकारी दारांबद्दल. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "हे दिवाणी मॅटर आहे." बनावट शिक्का, बनावट सही, बनावट सरकारी कागद, आणि दिवाणी! मोफा, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांसाठीच्या राज्याच्या कायद्याखालीही गुन्हा होतो हे आपण सांगायचं, त्यांनी 'साहेब आल्यावर बघू' म्हणायचं. एकाने नव्या भारतीय न्याय संहितेची कलमं काढली. अहो, फसवणूक २०२२ ची, १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, ४२०, ४६७, ४६८, ४७१. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. नोंदवली नाही तर पोलीस उपायुक्तांना लेखी, आणि तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पाच महिने फुकट गेल्यावर हा रस्ता कळला.

रेराकडे गेलो तर प्रकल्पाची नोंदणी रद्द झाली, हे वर. म्हणजे ज्या नंबरवर विश्वास ठेवला तो नंबरच पुसला. नंबर देताना खातरजमा का केली नाही, याला उत्तर नाही. ५,००० रुपये फी भरून तक्रार करा, कलम १२ आणि १८ खाली व्याजासह परताव्याचा आदेश मिळेल. मिळतोही. मग वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे, आणि तहसीलदार लिहून पाठवतो की बिल्डरच्या नावे मिळकत आढळून आली नाही. कशी आढळेल? म्हणून तक्रारीतच भागीदारांची नावं, जमीनमालकाचं नाव आणि विकसन कराराचा दस्त क्रमांक घाला. जमीनमालक प्रवर्तक (प्रमोटर) म्हणून नोंदवलेला असेल तर त्याची जमीन तरी दिसते.

फायनान्स कंपनी म्हणते कर्ज तुम्ही घेतलं. इमारत पडली तरी हप्ता भरायचाच. तुमच्या वकिलाने काय तपासलं, त्याच्या अहवालाची प्रत द्या, असं लेखी मागितलं तर 'अंतर्गत दस्तऐवज' म्हणून नाकारतात. प्रोसेसिंग फीमध्ये त्याच वकिलाचे पैसे मात्र आपल्याकडून कापलेले. हप्ता बंद करायचा सल्ला खूप जण देतात. करू नका. सिबिल (कर्जफेडीची पत) जातं आणि न्यायालयासमोर कर्जबुडवे म्हणून उभं राहावं लागतं.

आणि पालिका. पायापासून सातव्या स्लॅबपर्यंत दीड वर्ष बांधकाम चाललं, प्रभाग कार्यालय तिथून चालत आठ मिनिटांवर. बीट मुकादमाला फुटपाथवरची भाजीची पाटी दिसते, सात मजले दिसत नाहीत. आता म्हणतात इमारत अनधिकृत, परवानगी आमची नाही, खरेदी करताना तुम्ही चौकशी करायला हवी होती. त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या खिडकीतून या इमारतीला मालमत्ता कर लागलेला आहे, पहिल्या वर्षापासून. एजंट तीच पावती दाखवून सांगायचा, "बघा, पालिका टॅक्स घेते, मग बिल्डिंग लीगलच ना?" कर पालिका कशालाही लावते. या वर्षीचं बिल नोटिशीनंतर नऊ दिवसांनी आलं: कर ३,१४०, अनधिकृत बांधकामाची शास्ती (दंड) दुप्पट म्हणजे ६,२८०, एकूण ९,४२०. मुदतीत भरल्यास सवलत आहे.