फर्स्ट इयरनंतर वरच्या लॉ स्कूलला जायचं, की स्कॉलरशिप धरून आहे तिथंच राहायचं?

अमेरिकेत जेडी, म्हणजे तिथली तीन वर्षांची लॉची पदवी, करणाऱ्या मुलांचा दर जून-जुलैतला प्रश्न. पहिल्या वर्षी रँक वरच्या दहा टक्क्यांत आली, टॉप चौदातल्या (तिथली सगळ्यात नावाजलेली चौदा लॉ स्कूल्स) एखाद्या स्कूलची ट्रान्सफर मिळाली, पण आत्ताची स्कॉलरशिप सोडून जावं लागणार. माझ्या भाचीचं गेल्या वर्षी हेच झालं. नव्या स्कूलच्या पत्रात ग्रँटच्या रकान्यात शून्य आणि त्याखाली नुसते लोनचे आकडे, ते बघून घरात दोन तट पडले, आईचं म्हणणं एवढं मोठं नाव कोण सोडतं आणि बाबा म्हणाले फुकट मिळतंय ते घालवू नकोस.

आधी पैशाचं बघू. ट्रान्सफरवाल्यांना मेरिट स्कॉलरशिप सहसा मिळत नाही, कारण ती मुळात स्कूलच्या नव्या बॅचचे एलसॅटचे (लॉ प्रवेश परीक्षेचे) स्कोअर आणि जीपीए (कॉलेजच्या मार्कांची सरासरी) वर न्यायला वाटलेली असते आणि तुम्ही त्या हिशोबात धरलेच जात नाही. हार्वर्ड, येलला तर मेरिटवर काही देतच नाहीत, सगळी मदत गरज बघून. आता समजा आत्ताच्या ठिकाणी फी 55 हजार डॉलर, स्कॉलरशिप 40 हजार, म्हणजे खिशातून जातात 15. टॉपच्या खासगी स्कूलची फी आज 80 हजारांच्या घरात आहे. फरक वर्षाला 65 हजार, दोन वर्षांत 1 लाख 30 हजार, आणि न्यूयॉर्क किंवा डीसीचं भाडं वेगळंच. एवढं कर्ज 8 टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 1,575 डॉलर जातात.

त्यात आता लोनचा नियमही बदललाय. 1 जुलै 2026 पासून नव्या मुलांना ग्रॅड प्लस लोन (पूर्ण खर्चाइतकं मिळणारं सरकारी कर्ज) बंद, लॉसाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, लोन वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाखांपर्यंतच, वरचं सगळं प्रायव्हेट लोन. आधीपासून लोन घेणाऱ्यांना सवलत आहे पण ती चालू कोर्स आणि चालू स्कूलला धरून आहे, त्यामुळे स्कूल बदललं तर ती टिकते का हे नव्या ठिकाणच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्याच. सरकारी किंवा लीगल एडची नोकरी करायची असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण 120 हप्त्यांनंतर कर्जमाफी मिळते ती फक्त फेडरल लोनला, प्रायव्हेटचा एक डॉलर माफ होत नाही.

आता नोकरी. नव्या वकिलांच्या पगाराला दोन टेकड्या आहेत, एक 60 ते 90 हजारांच्या आसपास आणि दुसरी मोठ्या फर्म्सची जिथं पहिल्या वर्षाचा पगार 2 लाख 25 हजार, मधे फारच थोडे. दुसऱ्या टेकडीवर चढायचं असेल आणि आत्ताच्या स्कूलमधून तिथं मोजकीच मुलं पोचत असतील तर ट्रान्सफरचा खर्च वसूल होतो, हे मी मान्य करतो. पण या फर्म्स सेकंड इयरनंतरच्या समर इंटर्नशिपची (पुढची नोकरी बहुतेक तिथूनच मिळते) भरती आता इतक्या लवकर करतात की ट्रान्सफरचा निकाल हातात येईपर्यंत बऱ्याच जागा भरलेल्या असतात. म्हणजे बहुतेक फर्म्स तुम्हाला आत्ताच्या स्कूलच्या नावावर आणि फर्स्ट इयरच्या मार्कांवरच बघणार. भाचीला जूनमध्येच फिलाडेल्फियाच्या एका फर्मची ऑफर आली, मग नवीन नावाने तिला मिळणार काय होतं, ती थांबली आणि माझ्या मते बरोबर केलं.

ऑफर नाही आणि शहर बदलायचंय, किंवा पुढे प्रोफेसर व्हायचंय, मोठ्या कोर्टात फेडरल क्लर्कशिप (जजच्या हाताखालची नोकरी) हवीय, तर मात्र मी कर्ज काढूनही जा म्हणेन. तिथं नावाला खरंच वजन आहे. उलट त्याच राज्यात प्रॅक्टिस करायची असेल, डीएच्या (सरकारी वकिलाच्या) ऑफिसात किंवा मधल्या फर्ममध्ये, तर तिथले निम्मे जजेस आणि पार्टनर्स तुमच्याच स्कूलचे निघतात आणि वरच्या रँकवाल्याला ते शोधत येतात.

मार्कांचं थोडक्यात: जीपीए बरोबर येत नाही, क्रेडिट्स येतात, रँक कोरी. लॉ रिव्ह्यू (मुलांनीच चालवलेलं स्कूलचं कायद्याचं जर्नल) त्यातली जागा परत लेखी स्पर्धा देऊन मिळवायची. आणि फर्स्ट इयरच्या प्रोफेसरांची शिफारसपत्रं निघायच्या आधीच मागून ठेवा.

एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर गणित जास्तच कडक. फेडरल लोन नाही, नव्या आय-ट्वेंटीसाठी (व्हिसाला लागणारं स्कूलचं प्रवेशपत्र) वाढीव पैसे दाखवायचे, आणि जेडी स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत) नसल्यानं ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर कामाची परवानगी, बारा महिन्यांचीच. घर गहाण टाकून ट्रान्सफर घ्यायच्या मी विरोधात आहे.

दोन्ही स्कूल्सचे एबीए 509 रिपोर्ट (अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार स्कूलनं जाहीर करायची माहिती) आणि नोकरीचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जण कुठे लागले ते त्यात छापलेलं असतं. मग आत्ताच्या डीनना भेटून ट्रान्सफरचं पत्र दाखवा आणि स्कॉलरशिप वाढवता का म्हणून सरळ विचारा, काही ठिकाणी वाढवतात. आत्ताची सीट सोडायचा ईमेल त्यांचं उत्तर आल्यावरच पाठवा.