चौथीनंतर कुठे: गावातले सरकारी मिडल स्कूल की शहरातले अनुदानित हायस्कूल?

सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मूल चौथीत गेले की गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांच्या घराघरांत ही चर्चा सुरू होते. गावात किंवा शेजारच्या गावात सरकारी मिडल स्कूल असते, पायी पंधरा-वीस मिनिटांवर. साखळीला, डिचोलीला किंवा वाळपईला संस्थेचे अनुदानित हायस्कूल असते. तिथे पाचवी ते दहावी एकाच आवारात, आणि दहावीच्या निकालाचा फलक रस्त्यावरूनच दिसतो. अशाच एका हायस्कूलमध्ये मी बरीच वर्षे नववी-दहावीला गणित शिकवले. मिडल स्कूल करून नववीला आलेली आणि पाचवीपासून आमच्याकडेच असलेली मुले एकाच वर्गात असत, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहायला मिळाल्या. माझे मत आधीच सांगते. मराठीतून शिकलेल्या मुलासाठी पाचवी ते आठवी गावातले मिडल स्कूल चांगले, पण तिथे शिक्षक पुरेसे असतील तरच. ही अट मोठी आहे आणि बरेच पालक नेमकी तीच तपासत नाहीत.

निकालाचा फलक काय सांगतो

राज्याचा दहावीचा निकाल 2024 मध्ये 92.38 टक्के लागला, 2025 मध्ये 95.35 टक्के. म्हणजे फलकावर 96 किंवा 98 लिहिलेले असेल, तर ती शाळा राज्याच्या सरासरीच्या आसपासच आहे. त्या आकड्यावरून पाचवीचा प्रवेश ठरवू नका. एखाद्या छोट्या सरकारी हायस्कूलमधून 12 मुले बसली आणि एक राहिले, तर निकाल थेट 91.67 वर येतो. शहरातल्या शाळेतून 120 बसली आणि एकच राहिले, तर 99.17. राहिलेले मूल दोन्हीकडे एकच, आकड्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. गोव्यात खेळाचे गुण धरून उत्तीर्ण होणारी मुलेही या टक्केवारीत असतात, तेही विचारून घ्यावे.

मिडल स्कूलला तर असा फलकच नसतो. तिथे बोर्डाची परीक्षा नाही. पाचवी ते आठवी ज्या शिक्षकांनी मुलाला घडवले, त्यांचे श्रम दोन वर्षांनी दुसऱ्याच शाळेच्या नावावर जमा होतात. या शाळांबद्दल लोकांच्या मनात जो कमीपणा आहे, त्याचे अर्धे कारण मला हेच वाटते.

हायस्कूलच्या निकालाकडे पाहताना एक प्रश्न जरूर विचारा: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि त्यांतली किती दहावीला बसली? शिक्षण हक्क कायद्यामुळे बरीच वर्षे आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवता येत नव्हते. 2019 मध्ये कायदा बदलला आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. तोपर्यंत पहिली खरी चाळण नववीत लागायची. नववीत कच्ची मुले थांबवली, काहींना 'दुसरीकडे बघा' सांगितले, की दहावीचा निकाल आपोआप उजळतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. घरी बसवलेल्या त्या मुलांचे चेहरे अजून आठवतात.

वर्गात कोण बसते

आमच्या भागातल्या मिडल स्कूलच्या वर्गात कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, आणि काजूच्या बागांत राबणाऱ्या घरांतली मुले असतात. खाणीवर ट्रक चालवणाऱ्यांची असतात. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या, आणि या घरांतली शिकवणीची फी सगळ्यात आधी गेली. गावडा आणि धनगर वाड्यांवरची मुले असतात. कर्नाटकातून बांधकामावर, कारखान्यांत आलेल्या कुटुंबांचीही असतात, ज्यांच्या घरी कन्नड किंवा लमाणी बोलतात. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज शाळा वेळेवर भरते का, हे त्या घरांनी पहिल्याच भेटीत विचारावे.

अनुदानित हायस्कूलच्या पाचवीत हीच मुले असतात, पण त्यांच्या शेजारी दुकानदारांची, नोकरदारांची आणि शिक्षकांची मुलेही असतात. मुख्य फरक पैशांपेक्षा भाषेचा आहे. 1990 पासून गोव्यात प्राथमिकचे अनुदान मराठी आणि कोंकणी शाळांनाच होते. 2011 मध्ये ते इंग्रजी प्राथमिकनाही देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून केवढे आंदोलन पेटले, हे आपण सगळ्यांनी पाहिले. त्या वादात आज शिरायचे नाही. पण पाचवीच्या वर्गात त्याचा परिणाम असा की, शहरातल्या शाळेत तुमच्या मुलाच्या बाकावर केजीपासून इंग्रजीत शिकलेले मूल असू शकते. मिडल स्कूलमध्ये जवळपास सगळी मुले मराठी प्राथमिकमधून आलेली असतात.

पाचवीची उडी

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पुढची सगळी वर्षे याच ठिकाणी ठरतात. घरी कोंकणी, शाळेत चौथीपर्यंत मराठी, भजनात आणि वर्तमानपत्रात मराठी, आणि पाचवीला अचानक गणित, विज्ञान, इतिहास सगळे इंग्रजीत. मराठी आता एक विषय म्हणून उरते. दहा वर्षांच्या मुलाला ही उडी घ्यावी लागते आणि त्यासाठी स्वतंत्र वेळ कुणीच देत नाही.

नववीत माझ्याकडे एक मुलगी होती, पाचवीपासून आमच्याच शाळेतली. समीकरण फळ्यावर लिहिले की अचूक सोडवायची. तेच उदाहरण पुस्तकातल्या चार ओळींच्या मजकुरात आले की वही कोरी. एके दिवशी मी ते वाक्य मराठीत वाचून दाखवले, तिने उभ्या उभ्या उत्तर सांगितले. साठ मुलांच्या वर्गात चार वर्षे ती गप्प बसून राहिली होती, आणि 'गणित कच्चे' एवढाच शेरा तिच्या वाट्याला आला होता. तिला कच्चे होते ते इंग्रजी वाचन.

वीस-बावीस मुलांच्या मिडल स्कूलमध्ये असे मूल लपून राहत नाही. सगळाच वर्ग इंग्रजीत नवा असल्याने शिक्षक धडा आधी मराठी-कोंकणीत समजावतात, मग इंग्रजी वाक्याकडे येतात. तिथून आलेली मुले नववीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत बोलायला बुजत. गणेशचतुर्थीच्या सुटीनंतर मात्र बहुतेक जण रुळलेले असत, कारण प्रश्न विचारायची सवय त्यांना होती. सगळी नव्हे. एका वर्षी आलेल्या पाच-सहा मुलांना सातवीचे बीजगणित कुणी शिकवलेच नव्हते. त्यांच्या शाळेत वर्षभर गणिताला शिक्षक नव्हता. त्यांच्यातली दोघे नववीत राहिली, आणि चूक त्यांची नव्हती.

शिक्षक मोजून घ्या

म्हणूनच ती अट. कायद्याने सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे, भाषा या तिन्हींना किमान एकेक. छोट्या शाळेत 35 चे प्रमाण सहज जुळते. अडते ते विषयांवर. तीन शिक्षक आहेत, पण तिघेही भाषांचे, असे होऊ शकते. मुख्याध्यापकांना विचारा: गणित आणि विज्ञान कोण घेते, ती व्यक्ती कायम आहे की कंत्राटावर, गेल्या दोन वर्षांत बदली झाली का, आणि निवडणुकीच्या कामावर गेली तर वर्ग कोण घेते? यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची वर्गवार पटसंख्या, शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृहे, संगणक यांची नोंद पाहायला मिळते. दोन्ही शाळांची पाने शेजारी उघडून बघा. मात्र कोणता शिक्षक रोज येतो, हे त्या पानावरून कळत नाही. ते गावातच विचारावे लागते.

अनुदानित शाळेचे पारडे इथे जड आहे, हे मान्य करायलाच हवे. तिथे विषयवार शिक्षक बहुधा असतात, प्रयोगशाळा दहावीपर्यंतची असते, संस्कृत किंवा संगीताची सोय एखाद्या ठिकाणी मिळते. नववीला शाळा बदलायची दगदगही नसते.

बाकीच्या गोष्टी

आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके आणि माध्यान्ह आहार दोन्हीकडे मिळतो. भाजी-पाव दोन्हीकडे महिला गटच आणतात. सहावी ते आठवीची कोडिंग-रोबोटिक्सची केअर्स योजना सरकारी आणि अनुदानित अशा दोन्ही शाळांसाठी आहे, तेव्हा 'संगणक फक्त शहरात' हे आता खरे नाही. अनुदानित शाळेला बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी बस, असतो, पण तो तुमच्या वाड्यापर्यंत येतो का, हे बघा. रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर चालून मग बालरथ किंवा कदंबची सरकारी बस, आणि जुलैच्या पावसात परत तेच, यात मुलाचा रोज दीड-दोन तास जातो. पालक-शिक्षक संघाची वर्गणी, वेगळा गणवेश, सहलींचा खर्च हेही जमेस धरा.

मग ठरवायचे कसे

मिडल स्कूलमध्ये गणित-विज्ञानाला कायम शिक्षक असेल, तर मूल तिथेच ठेवा आणि नववीला हायस्कूलला घाला. तो शिक्षक नसेल, तर गावाच्या प्रेमापोटी मुलाची चार वर्षे पणाला लावू नका, अनुदानित शाळा घ्या. मूल फार बुजरे असेल तर पहिला पर्याय आणखी बरा. घरात इंग्रजी वाचून दाखवणारे कुणी असेल, मोठी बहीण किंवा काका, तर शहरातली शाळाही निभावते. नववीतला बदल अवघड जातो, हा आक्षेप खरा आहे, म्हणून नववीचे वर्ग सुरू होण्याआधी मुलाला नव्या शाळेत एकदा नेऊन आणा.

कुठेही घातले तरी पाचवीआधीचे दोन महिने हाताशी असतात. 2025 मध्ये सहावी ते दहावीचे वर्ग 7 एप्रिललाच सुरू झाले, पाचवीला मात्र जूनची वाट होती. त्या दिवसांत शेजारच्या मुलाचे जुने पाचवीचे गणिताचे पुस्तक आणा. रोज एक शाब्दिक उदाहरण इंग्रजीत मोठ्याने वाचायचे, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, आणि मग सोडवायचे. तुम्हाला स्वतःला इंग्रजी येत नसले तरी शेजारी बसा. अर्थ नीट सांगता आला की नाही, हे तुम्हाला बरोबर कळेल.