नागपुरात पसंत पडलेली फ्लाय लाइन तीर्थनवर का फसते

मे महिन्यात रेशीमबागच्या मैदानावर सपासप सुटणारी फ्लाय लाइन, म्हणजे गळाची हलकी नकली माशी फेकायची जाड दोरी, हिमाचलात तीर्थन नदीच्या पाण्यावर जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी घालून बसते. लाइनमध्ये दोष नसतो, ती गरम समुद्रासाठी बनवलेली असते. डब्यावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेल्या लाइनचा गाभा ताठ असतो आणि वरचं आवरण कडक. नागपूरच्या उन्हात ती झकास वागते, बर्फाच्या पाण्यात आखडते. थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठीच्या लाइनचं उलट. आत नायलॉनच्या बारीक धाग्यांची मऊ वेणी, वर मऊ पीव्हीसी. ती ४४ अंशांत लोळागोळा होते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि पुढे सरकतच नाही. मग बरोबर असलेली लाइन परत जाते आणि चुकीची घरी राहते.

म्हणून पारख मैदानावर नको, बादलीत करा. बादलीभर पाण्यात भरपूर बर्फ टाका, रीलवरून काढलेली वेटोळी त्यात १५ मिनिटं बुडवून ठेवा. नंतर दोन हात लांबीचा तुकडा हळूहळू ताणा आणि सोडा. सरळ पडला तर लाइन तीर्थनची. पुन्हा गोळा झाला तर ती गोव्याला न्या.

दुसरा घोळ वजनाचा. लाइनचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो. प्रमाणानुसार ५ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असतं. पण तीर्थनवर ३० फूट लाइन बाहेर काढतो कोण? तिथे मासा धोंड्यांमागच्या खळग्यांत उभा असतो आणि माशी पडते २५-३० फुटांवर. त्यातून ९ फुटी रॉड आणि ९ फुटी लीडर (लाइन आणि माशी यांच्यामधला बारीक धागा) वजा करा; उरते जेमतेम ७-१२ फूट लाइन. पुढचं टोक निमुळतं असल्यामुळे तिचं वजन फार तर ५० ग्रेनच्या आसपास भरतं. आजकालच्या ताठ रॉडला एवढ्याशा वजनाने वाकच येत नाही. हात जोर लावतो, हवेतला लाइनचा वळसा फाटतो, लीडर ढिगासारखा पडतो.

कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे लाइनच जड करणं. रिओची ‘ग्रँड’ पूर्ण एका नंबरने जड आहे, सायंटिफिक अँगलर्सची ‘अँप्लिट्यूड एमपीएक्स’ अर्ध्या नंबरने. जवळच्या फेकीला ग्रँड सोपी, नवशिक्याचाही रॉड वाकवते. पण खळग्यात मासेमारी करताना रॉड उंच धरून लाइन पाण्यावरून उचलून ठेवावी लागते, नाहीतर मधली वेगवान धार ती ओढते आणि माशी घसरते. जड लाइन नेमकी इथे झोळ धरते आणि माशीला तुमच्याकडे खेचते. ट्राउटला ते लगेच कळतं. त्यामुळे ५ नंबरच्या ताठ रॉडवर आमचा कौल एमपीएक्ससारख्या अर्ध्या नंबरवाल्या लाइनला. रॉड मऊ असेल तर जड लाइनची गरजच नाही. तिथे साधी डबल टेपर, म्हणजे दोन्हीकडे निमुळती होणारी लाइन घ्या. तिची दोन्ही टोकं सारखी असतात, एक झिजलं की उलटून गुंडाळायची. कमी खर्चातला हा सगळ्यात शहाणा सौदा आहे, आणि लांब फेकीत ती मागे पडते ही तक्रार तीर्थनवर गैरलागू.

खरबरीत पृष्ठभागाच्या लाइन छान सरकतात, तरंगतातही चांगल्या. पण कड्यांतून जाताना किरकिरतात, आणि दिवसभरात तर्जनीची कातडी सोलली जाते. बोटाला पट्टी लावायची तयारी असेल तरच घ्या.

फक्त निम्फ, म्हणजे पाण्यात बुडणारी माशी वापरणार असाल तर ०.५५ मिलिमीटरची बारीक युरो-निम्फ लाइन या सगळ्यांना मागे टाकते. झोळ जवळपास नाहीच. मात्र फेकीचं वजन जड निम्फचं असतं, लाइनचं नव्हे. कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी माशी तिच्यावर नीट जात नाही.

आता नागपूरचा खरा प्रश्न, साठवण. तीर्थनचा हंगाम मार्चला उघडतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ. आणि हंगाम चालू असला तरी नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हात, लाइन बहुधा घरीच असते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती एक दुपारही ठेवू नका. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने बाहेर येतं, लाइन आधी चिकट होते, नंतर कडक, आणि शेवटी पुढच्या लूपच्या (लीडर अडकवायच्या फाशाच्या) मुळाशी तडा जातो. तड्यातून पाणी गाभ्यात शिरलं की टोक बुडू लागतं. असं टोक कापून टाका, नेल नॉट नावाच्या गाठीने नवा लूप जोडा. चार-सहा इंच गेल्याने काही बिघडत नाही.

रीलवरून काढून वीतभर रुंद वेटोळी करा आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत खुंटीला टांगा. धुताना कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ कापड. भांड्यांचा कडक साबण नको. डीट असलेलं डासांचं मलम लावलेल्या हाताने पीव्हीसी लाइनला शिवू नका, आवरण विरघळतं. एअरफ्लोच्या लाइन पॉलियुरेथेनच्या असल्याने तिथे ही भीती कमी.

आणि सराव गवतावरच करा, लीडरच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधून. आपल्याकडे आता गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झालेत. त्यावर तासभर लाइन घासली की शंभर डॉलरच्या लाइनच्या आवरणाला कानशीच लावली म्हणा.