५ केव्हीचा सप्लाय: पेटी घ्यावी की मॉड्यूल?

फोंड्याच्या एका कॉलेजातल्या मित्राला प्रयोगशाळेसाठी ५ केव्हीचा, म्हणजे ५००० व्होल्टांचा, प्रोग्रॅमेबल सप्लाय घ्यायचा आहे. एकीकडे टेबलावरची पेटी, म्हणजे स्वतःचा डिस्प्ले, बटणं आणि संगणकाचं पोर्ट असलेला पूर्ण संच. दुसरीकडे मुठीत मावणारं मॉड्यूल: २४ व्होल्ट डीसी द्या, कंट्रोल पिनवर ० ते १० व्होल्ट द्या, त्या प्रमाणात बाहेर ० ते ५ केव्ही मिळतात. मॉड्यूल पुष्कळ स्वस्त, म्हणून बहुतेकांचं मन तिकडेच ओढतं.

एकच फोटोमल्टिप्लायर (अंधुक प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारी नळी) कायमचा जोडून ठेवायचा असेल तर मॉड्यूलच घ्या. फक्त स्थिरता आणि रिपल (आउटपुटवरची बारीक लहर) नीट तपासा. या नळीचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, व्होल्टेजच्या साधारण सातव्या घाताने बदलतो. व्होल्टेज ०.१ टक्का हललं तरी गेन पाऊण टक्क्याच्या आसपास सरकतो, आणि पोरं दोष किरणोत्सारी सोर्सला देत बसतात. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर नळीला एवढे लाड लागत नाहीत. तिचा प्लॅटो (व्होल्टेज थोडं बदललं तरी मोजणी जवळजवळ तीच राहते तो पट्टा) सपाट असतो, दोन्हींपैकी काहीही चालेल.

खरा फरक दिसतो तो इन्सुलेशनचे नमुने किती व्होल्टेज सोसतात ते पाहायला फोडताना. नमुना फुटला की ठिणगीचा झटका अर्थिंगमधून मागे येतो. स्वस्त मॉड्यूलमध्ये कंट्रोलचा ग्राउंड आणि हाय व्होल्टेजचा परतीचा मार्ग बहुधा एकच असतो, त्यामुळे तो झटका थेट संगणकाच्या कार्डात शिरतो. आमचं एक कार्ड असंच गेलं. पेटीतही यूएसबी अशा वेळी हँग होऊ शकतं. लॅन किंवा फायबरची सोय असेल तर चार पैसे जास्त द्यावेत.

आणि आपल्याकडची लाईट! पावसात ती जाते-येते, हे काय सांगायला हवं? बहुतेक पेट्या लाईट परत आल्यावर आउटपुट बंद ठेवूनच उठतात. मॉड्यूलचं तसं नाही. कंट्रोल पिनवर व्होल्टेज तसंच असेल तर लाईट आल्याबरोबर ५ केव्ही पुन्हा हजर, आणि नेमका तेव्हा कुणाचा तरी हात नमुन्यावर असतो. ०.१ मायक्रोफॅरडच्या नमुन्यात ५ केव्हीला सव्वा जूल साठतात. म्हणून इंटरलॉक (झाकण उघडलं की सप्लाय तोडणारी सोय) हवाच, आणि साठलेली वीज उतरवायला अर्थ केलेली डिस्चार्ज काठीसुद्धा. दहा विद्यार्थी हाताळणार असतील तर माझं मत सरळ पेटीला.

कनेक्टरचं मात्र दोन्हींना सारखंच लागू. सिग्नलच्या केबलला लागतो तो नेहमीचा बीएनसी ५०० व्होल्टांचा, हाय व्होल्टेजसाठीचा एसएचव्ही ५००० चा. जुलैतल्या एका संध्याकाळी आमच्याकडे कुणीतरी घाईत बीएनसी लावला होता. २ केव्हीला मीटरवर गळती दिसायला लागली, कारण सापडेना. शेवटी दिवे मालवले, तेव्हा कनेक्टरच्या तोंडाशी जांभळी झाक दिसली आणि बारीक चरचर ऐकू आली.