स्टिकबॉट स्टुडिओ संच : बाहुला पास, तिवईला टेकू हवा

स्टॉप मोशन म्हणजे बाहुला थोडाथोडा हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जोडून सिनेमा करायचा. त्यात मुलांना सगळ्यात जास्त रडवतो तो पडणारा बाहुला. मातीचा हत्ती बाविसाव्या फोटोला सोंडेवर लवंडतो, परत नेमका त्याच जागी उभा करता येत नाही आणि पडद्यावर दचकल्यासारखा उडतो. झिंग कंपनीच्या स्टिकबॉटने हा एक प्रश्न छान सोडवलाय. सुमारे 8 सेंमी उंच, साध्या चेहऱ्याचा प्लॅस्टिकचा माणूस. खांदे, कोपर, गुडघे वळतात आणि हातापायांच्या टोकाला सक्शन कप आहेत. एका पायावर उभा करा, भिंतीला आडवा चिकटवा, दुसऱ्याच्या डोक्यावर बसवा. हात काढून घेतला तरी जागा सोडत नाही. चेहऱ्यावर भाव नसणं ही खरं तर सोय आहे. राग, लाज, कंटाळा सगळं खांदे आणि मानेतून दाखवावं लागतं, आणि मुलं ते पटकन शिकतात.

झॅनिमेशन स्टुडिओ नावाच्या संचात बाहुल्यांसोबत फोनची तिवई आणि एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने निळा असा पडदा येतो. संचाचे प्रकार बरेच आहेत, बाहुले किती ते खोक्यावर बघूनच घ्या.

आधी कपांविषयी. काच, टाइल, सनमायका, स्टीलचं ताट यांवर पकड पक्की बसते. पुठ्ठा, कापड, उघडं प्लायवूड, खडबडीत फरशी यांवर हवा आत शिरते आणि बाहुला सुटतो. ताट वापरायचं तर पालथं घालू नका, मधल्या फुगवट्यावर कप नीट बसत नाही. शिवाय त्यात दिव्याची तिरीप चमकते. सनमायकाचा जुना तुकडा सगळ्यात उत्तम. कपाला ओलं बोट लावलं की पकड वाढते. केस आणि धूळ चिकटली की ती कमी होते, मग कोमट पाणी आणि साबण. तरीही कप हळूहळू हवा घेतो, म्हणून दर दहा-बारा फोटोंनी कंबरेला धरून हलकं दाबायचं. पाय उचलताना सरळ वर ओढू नका, कपाची कड नखाने सोडवा. ओढलात तर दुसरा पायही निघतो आणि अख्खा बाहुला सरकतो. हात हलवतानाही दुसऱ्या हाताने धड धरलेलं हवं.

तिवईबद्दल मात्र हात आखडता घ्यावा लागतो. प्लॅस्टिकची हलकी तिवई आणि 200 ग्रॅमच्या आसपासचा फोन, हे गणित काठावरचं आहे. फोटो काढायला फोनच्या स्क्रीनला बोट लावलं की फोन केसभर हलतो आणि पूर्ण सिनेमा थरथरतो. उपाय दोन. तिवईचे पाय टेबलाला टेपने चिकटवून त्यांवर मूग भरलेली छोटी पिशवी ठेवा. आणि फोनला हात न लावता फोटो काढा, ब्लूटूथचा रिमोट त्यासाठी पुरतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका (त्यावर ब्लूटूथ बंद झालं तर पुन्हा चालू करा), नाहीतर चाळिसाव्या फोटोला मावशीचा फोन येतो.

प्रकाशाचा घोळ बहुतेकांना शेवटी कळतो. खिडकीतलं ऊन ढगागणिक बदलतं, म्हणून खिडकी झाका आणि डावी-उजवीकडे एकेक टेबललॅम्प ठेवा. अ‍ॅपमध्ये फोकस, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटरचा वेळ हाताने ठरवता येत असेल तर 1/50 किंवा 1/25 सेकंद ठेवा. दिव्याचा लुकलुकाट बराच कमी होतो. पंखा बंद, कारण पडदा हलतो. फोटो काढणाऱ्याने पांढरा शर्ट घालू नये, त्याचा उजेड बाहुल्यावर पडतो आणि त्याने जागा बदलली की उजेडही बदलतो.

पडद्याचा रंग गायब करून तिथे दुसरी पार्श्वभूमी बसवायची, हे अ‍ॅपचं काम. पडदा दुरंगी का, हे पहिल्या प्रयत्नात कळतं. हिरवा बाहुला हिरव्या पडद्यापुढे उभा केला की अ‍ॅप त्यालाही गायब करतं, मग डोकं नसलेला नायक मिळतो. पारदर्शक प्लॅस्टिकचे बाहुले तर दोन्ही रंगांपुढे दगा देतात. बाहुला पडद्यापासून निदान एक वीत पुढे ठेवा, म्हणजे सावली आणि हिरवी झाक पडत नाही. पडद्याला घडी पडली असेल तर कार्डशीट वापरा, पण चकचकीत नको, आणि खाली वळवताना घडी न घालता गोलाई ठेवा.

कंपनीचं स्टिकबॉट स्टुडिओ अ‍ॅप फुकट आहे आणि पार्श्वभूमी बदलणं त्यात जमतं. संच घेण्याआधी ते तुमच्या फोनवर नीट चालतंय का बघा. स्टॉप मोशन स्टुडिओ हे दुसरं अ‍ॅप हाताळायला सोपं आहे, मागच्या फोटोची पुसट छाया दिसते आणि किती सरकवलं ते कळतं.

सात-आठ वर्षांच्या मुलाला सेकंदाला 6 फोटो पुरे. 20 सेकंदांची गोष्ट म्हणजे 120 फोटो, एका बैठकीत होतात. 12 चा हट्ट धरलात तर 240 होतात आणि सिनेमा अर्ध्यावर राहतो. 6 च्या वेगाला चालताना दर फोटोला साधारण 1 सेंमी सरकवा. सुरुवातीला आणि थांबताना अर्धाच. आणि दचकण्याआधी बाहुल्याला तसाच ठेवून पाच-सहा फोटो काढा. विनोद त्या थांबण्यात असतो. मुलं ही जागा हमखास गाळतात, कारण काही हलत नसताना बटण दाबणं त्यांना फुकट वाटतं.

बाहुल्याशिवायही हे तंत्र चालतं. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते असंच टप्प्याटप्प्याने टिपलं होतं. ओल्या कापसावरची मटकी, न हलवलेली तिवई आणि तासाला एक फोटो, एवढ्यात दोन दिवसांत मोड दिसतात. रात्रीचे फोटो सुटणारच, तेवढी उडी दिसेल.

थोडक्यात पैसे बाहुल्यासाठी मोजायचे. पडदा कार्डशीटचा होतो, तिवई बुटाच्या खोक्याला खाच पाडून होते. सुटे बाहुले मिळत असतील तर पूर्ण संच घेऊ नका. दोन घ्या, वेगवेगळ्या रंगांचे, पण हिरवा, निळा आणि पारदर्शक सोडून.