अँटिव्हायरसचा सर्व्हर कारखान्यात ठेवावा की क्लाउडवर?

भोसरीच्या कारखान्यात ६० कॉम्प्युटर, पेठेतल्या ऑफिसात १०, आणि विक्रीवाल्यांचे ८ लॅपटॉप कायम कोल्हापूर-नाशिककडे फिरतीवर. अँटिव्हायरस प्रत्येकावर आहे, पण कुणाचा अपडेट दोन महिन्यांपासून अडकलाय, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. अशा कंपनीला सगळी मशीन एका जागेवरून दिसायला हवीत. त्यासाठी मध्यवर्ती सर्व्हर घ्यायचं ठरतं आणि तिथेच गाडी अडते: सर्व्हर आपल्या जागेत बसवायचा, की विक्रेत्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चालणारा क्लाउड कन्सोल, म्हणजे नियंत्रणाचा पडदा, घ्यायचा? आपल्या पुण्याच्या क्विक हीलचा सेक्राइट घ्या, ईसेट घ्या, कॅस्परस्की घ्या. दोन्ही प्रकार मिळतात. दोन्हीही मी बसवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सर्व्हर बंद पडला किंवा इंटरनेट गेलं, तर मशीन उघडी पडतात असं बऱ्याच मालकांना वाटतं. तसं होत नाही. प्रत्येक मशीनवरचा एजंट (सर्व्हरचे आदेश पाळणारा छोटा प्रोग्राम) शेवटची मिळालेली पॉलिसी (काय चालू, काय बंद याचे नियम) धरून काम करत राहतो. थांबतात ते नवे आदेश, नवे अपडेट आणि तुम्हाला दिसणारी माहिती. त्यामुळे निर्णय "कुठला जास्त सुरक्षित" यापेक्षा "कुठला आपल्याकडून नीट सांभाळला जाईल" यावर घ्या.

आपल्या जागेतला सर्व्हर

याचा सगळ्यात मोठा फायदा शॉप फ्लोअरवर कळतो. सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या यंत्राशेजारच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ असतं. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्या यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणून ते बदलता येत नाही. त्याला इंटरनेट द्यायचंच नाही, हे उत्तम. मग अपडेट आणि पॉलिसी आतल्या नेटवर्कवरून पोचवणारा सर्व्हर कामाला येतो. फक्त त्या जुन्या विंडोजवर एजंट चालतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. शिवाय अपडेट एकदाच खाली उतरतो आणि तिथून सगळ्यांना वाटला जातो.

खर्चात मात्र लायसन्सशिवाय बरंच काही येतं: मशीन, विंडोज सर्व्हर, यूपीएस, बॅकअपची डिस्क. डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या फुकटच्या एसक्यूएल एक्सप्रेसवर चालतो, पण २०२२ च्या आवृत्तीपर्यंत त्याला १० जीबीची मर्यादा आहे. जुन्या नोंदी किती दिवसांनी पुसायच्या हे पहिल्याच दिवशी ठरवा. एजंटला सर्व्हरचा पत्ता आयपीने (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याने) न देता नावाने द्या; उद्या राउटर बदलला आणि आयपी बदलला, तरी एजंट हरवणार नाहीत.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. चाकणच्या एका युनिटमध्ये पावसाळ्यात वीज ये-जा करत होती आणि सर्व्हरची डिस्क गेली. डेटाबेसचा बॅकअप होता. सर्व्हरच्या सर्टिफिकेटचा बॅकअप नव्हता. एजंट त्या सर्टिफिकेटवरूनच आपला सर्व्हर ओळखतो. नवा सर्व्हर त्याच नावाने उभा केला तरी एकाही एजंटने त्याला दाद दिली नाही. पेन ड्राइव्ह घेऊन मी ७० मशीनपाशी एकेक करून गेलो, चार दिवस गेले. म्हणून डेटाबेस, सर्टिफिकेट आणि त्याचा पासवर्ड तिन्ही सर्व्हरच्या बाहेर ठेवा, आणि वर्षातून एकदा दुसऱ्या मशीनवर ते सगळं परत उभं करून बघा.

फिरतीवरच्या लॅपटॉपचा प्रश्न इथे अवघड होतो. त्यांच्यासाठी सर्व्हरचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं दार, इंटरनेटवर उघडा करायचा मोह होतो. एजंटचा पोर्ट विचारपूर्वक उघडता येतो, पण कन्सोल कधीही उघडा ठेवू नका, व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या खासगी, बंद वाटेने) वापरा. जुलै २०२१ मध्ये कसेया व्हीएसए या मध्यवर्ती व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून हल्लेखोर ग्राहकांच्या जागेतल्या, इंटरनेटवर उघड्या सर्व्हरमध्ये शिरले आणि त्याच सर्व्हरच्या हातून खालच्या मशीनवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) पाठवलं. एजंट मालकाचा हुकूम म्हणून ते मुकाट्याने बसवतात.

क्लाउड कन्सोल

सर्व्हरची देखभाल, त्याचे दुरुस्तीचे पॅच, डेटाबेस हे सगळं विक्रेत्याकडे. लॅपटॉप सांगलीच्या लॉजवर असला तरी वायफाय मिळताच यादीत दिसतो, हरवला तर काही उत्पादनांत कन्सोलवरूनच कुलूपबंद करता येतो. आठवड्यातून दोनदा येणारा एएमसीवाला (वार्षिक देखभाल करारावरचा माणूस) हीच तुमची आयटी व्यवस्था असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: क्लाउड घ्या. न सांभाळलेला स्वतःचा सर्व्हर हा धोकाच असतो.

अडचणी इथेही आहेत. ६० मशीन एकाच वेळी अपडेट ओढायला लागली की ऑफिसचं नेट बसतं. त्यासाठी एक कायम चालू असणारं मशीन अपडेट वाटप करणारं म्हणून नेमा, बहुतेक उत्पादनांत ती सोय असते. कन्सोलचं दार साऱ्या जगाला दिसतं, म्हणून मोबाइलवरच्या दुसऱ्या पडताळणीशिवाय एकही लॉगिन ठेवू नका. आणि नोंदी किती दिवस राहतात ते विचारा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि निर्देशांत दिलेल्या प्रकारच्या घटना ६ तासांत कळवायच्या असतात. कन्सोल ३० दिवसांनी नोंदी पुसत असेल, तर बाहेर काढून ठेवायची सोय लागेल.

आणखी एक प्रश्न विक्रेत्याला नक्की विचारा: अपडेट आधी थोड्या मशीनवर आणि मग सगळ्यांवर, असा सोडता येतो का? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. मुद्दाम जुन्या आवृत्तीवर थांबलेल्या ग्राहकांकडेही ती फाइल पोचली, कारण टप्प्याटप्प्याची सोय तेव्हा फक्त सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला होती, रोज येणाऱ्या धोक्यांच्या माहितीच्या फाइलींना नव्हती.

कुठलाही घेतलात तरी

कन्सोलमध्ये मशीनचे ग्रुप विभागानुसार न करता मशीनवरच्या कामानुसार करा. टॅली चालणाऱ्या मशीनच्या ग्रुपला टॅलीच्या डेटा फोल्डरपुरती स्कॅनमधून सूट द्या. अख्खा डी ड्राइव्ह वगळलेला मी अनेक ठिकाणी पाहिलाय, तसं करू नका. पेन ड्राइव्ह पहिल्याच दिवशी सरसकट बंद केलात तर सीएनसीचे प्रोग्राम न्यायचे कसे, म्हणून सुपरवायझर दुपारपर्यंत तुमच्या दारात उभा राहील, आणि त्याचं बरोबरच असेल. आधी दोन आठवडे नुसती नोंद घ्या, मग कामाचे चार-पाच पेन ड्राइव्ह सिरियल नंबरने मान्य करा आणि बाकीचे बंद. पूर्ण स्कॅन साप्ताहिक सुट्टीला लावू नका. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मेन स्विच पाडून जायची पद्धत असते, तो स्कॅन कधी होतच नाही. जेवणाची सुट्टी बरी.

एकाच इमेजवरून (तयार विंडोजच्या प्रतीवरून) तयार केलेली मशीन कधी कधी एकच ओळख घेऊन येतात. कन्सोलवर ७८ ऐवजी ७१ दिसली, तर आधी हे तपासा.

शॉप फ्लोअरवर इंटरनेट नसलेली १५-२० मशीन असतील आणि रोज हजर असणारा माणूस असेल, तर आपला सर्व्हर. त्याहून कमी असतील, तर क्लाउड, आणि त्या मोजक्या मशीनवर अपडेट वाटप करणाऱ्या मशीनमधून पोचवायची सोय. दोन कन्सोल एकदम चालवायला मी सुचवत नाही. काही महिन्यांत एकाकडे दुर्लक्ष होतंच. पैसे देण्याआधी चाचणी मागा: अकाउंट्सचं एक मशीन, सीएनसीशेजारचं एक, फिरतीवरचा एक लॅपटॉप. तिन्ही आठवडाभर चालवा आणि लॅपटॉपवाल्याला त्या आठवड्यात गावाबाहेर पाठवा.