२५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, आठ महिने आणि साडेतीन मीटर रूळ

गेल्या आठवड्यात एका पहाटे माझ्या मॉडेल रेल्वेच्या तिसऱ्या सांध्याचं, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो त्या जागेचं, क्रॉसिंग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) जोडता जोडता सोल्डरिंग आयर्न गार पडली. आधी वाटलं लाईट गेली, पण पंखा फिरत होता. मुठीजवळ वायर दाबून धरली की तापायची, सोडली की पुन्हा गार. म्हणजे वायर आतून तुटली होती. बिलावर एक वर्षाची वॉरंटी लिहिलेली, म्हणून बिल घेऊन ढोकीहून लातूरला, गंज गोलाईतल्या त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, वॉरंटी एलिमेंटची असते. वायरला वॉरंटी नसते." अर्धा तास वाद घातला, काही उपयोग झाला नाही. वस्तू २८० रुपयांची. एसटीचं जायचं-यायचं भाडं आणि एक दिवस वाया गेला तो वेगळा.

मी बनवतोय ती बार्शी लाईट, आमच्याकडची जुनी नॅरोगेज रेल्वे, १:८७ मापात. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतं, म्हणून एन गेज, म्हणजे ९ मिमी अंतराचा मॉडेलचा रूळ, जवळजवळ नेमका बसतो. आधी एन गेजचा तयार रूळ आणून पाहिला. तो १:१६० साठी केलेला असतो, त्यामुळे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीने. त्यावर १:८७ चा डबा ठेवला की सगळंच खेळण्यातलं दिसतं. १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडी ते बार्शी टाऊन एवढीच सुरू झालेली ही लाईन १९११ मध्ये लातूरला पोचली. आमचे अण्णा याच गाडीने ढोकीहून लातूरला जायचे. त्यांच्यासमोर खोटा दिसणारा रूळ मांडायचा नव्हता, म्हणून हाताने करायला घेतला.

पद्धत बहुतेकांना माहीत आहे. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) पट्ट्या स्लीपर म्हणून कापायच्या आणि त्यांवर कोड ५५ चा, म्हणजे ०.०५५ इंच उंचीचा, रूळ सोल्डर करायचा. मी दर चौथा स्लीपर पीसीबीचा ठेवला, मधले आइस्क्रीमच्या काड्या घासून १.६ मिमीवर आणलेले. खर्च निम्म्याच्या खाली आला आणि रंग दिल्यावर कोणता कोणता हे कळत नाही. हाताच्या रुळाचा एक मोठा फायदा आधी लक्षात आला नव्हता. जुन्या एन गेज इंजिनांच्या चाकांची कड खोल असते. तयार बारीक रुळाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचे खिळे असतात, त्यांवर ती खडखडते. सोल्डर केलेल्या रुळाला खिळेच नाहीत. सोल्डर बाहेरच्या बाजूने दिलं तर माझं तीस वर्षांपूर्वीचं इंजिनही पाण्यासारखं जातं.

आता आयर्नकडे येतो. पहिले दोन महिने मी तिच्यावर फार नाराज होतो. संध्याकाळी दिलेले टाके निस्तेज, दाणेदार यायचे आणि नखाने उचकटले तरी निघायचे. कधी पीसीबीला दोष दिला, कधी सोल्डर बदललं. डब्यातली पेस्टही लावून पाहिली, तर आठवड्यात तांबं हिरवं पडलं. ती लावू नका, राळ असलेली ६०/४० ची तारच घ्या. मग डिसेंबरात एका रात्री मल्टीमीटर सॉकेटमध्ये घातला: १६५ व्होल्ट. शिवारातल्या सगळ्या मोटारी सुरू होत्या. व्होल्टेज उतरलं की ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० ला २५ वॅट देणारी आयर्न १६५ ला जेमतेम १३ वॅट देते. तेवढ्यात सोल्डर वितळतं, पण रूळ आणि तांबं हवं तेवढं तापत नाही. दोष आयर्नचा नव्हता. तेव्हापासून पहाटे पाच ते सात काम करतो. टाका चांदीसारखा चमकतो. त्या बाबतीत तिला दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतो.

वायरच्या बाबतीत मात्र एक शब्दही मागे घेणार नाही. सव्वा मीटरची ती पीव्हीसी वायर काठीसारखी ताठ. थंडीत तर तिचा वेटोळा सरळच होत नाही. आपण १.४ मिमी उंचीचा रूळ चिमट्यात धरलेला, दुसऱ्या हातात आयर्न, टोक टेकवायला आणि वायरने मूठ मागे ओढायला एकच गाठ. टोक अर्धा मिलिमीटर सरकतं, रूळ त्याच्याबरोबर सरकतो आणि सोल्डर गोठतं. दुसऱ्या सांध्याची टंग रेल (गाडीची दिशा बदलणारा सरकता रूळ) मी यामुळे चार वेळा काढून बसवली. शिवाय गरम टोक वायरला चुकून लागलं की ती लगेच वितळते. एका ठिकाणी आतलं तांबं उघडं पडलं होतं. २३० व्होल्टची वायर! बनवणाऱ्याने तिथे पन्नास रुपये जास्त घातले असते तर मी आनंदाने दिले असते.

लातूरहून आल्यावर आयर्न गल्लीतल्या रिवायंडिंगवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी मूठ उघडली, तुटकी जागा दाखवली आणि म्हणाले, "सर, ही वायर टेबल फॅनची हाय. हाताच्या हत्याराला कुठं लावत असतेत का?" त्यांनी सिलिकॉनची तीन तारांची वायर लावली, अर्थिंगसकट. मुठीच्या तोंडाशी स्प्रिंग बसवली. ९० रुपये घेतले. वायर दोरीसारखी लोळते आणि गरम टोक टेकवून पाहिलं तरी डागसुद्धा पडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिसऱ्या सांध्याचं क्रॉसिंग एका बैठकीत झालं. दोन रूळ कानशीने घासून केलेली व्ही, तिच्या बाजूचे दोन वाकवलेले रूळ (विंग रेल) आणि मधल्या फटीत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, कारण तिला सोल्डर धरत नाही. पट्टी ओढून काढली, डबा बोटाने ढकलला. आवाजसुद्धा आला नाही.

एक गोष्ट आयर्नची नाही, तरी सांगतो. प्रत्येक पीसीबी स्लीपरच्या मधला तांब्याचा थर तीनधारी कानशीने कापावा लागतो, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातात आणि शॉर्ट होतो. कापल्यावर केसाएवढी तांब्याची कुस राहिली तरी पुरते. बसवण्याआधी एकेक स्लीपर मल्टीमीटरवर तपासा. मी एकदा कंटाळा केला आणि दोन संध्याकाळी शोधत बसलो.

अण्णांनी काल खुर्ची ओढून तिन्ही सांधे पाहिले. म्हणाले, "येडशीकडं निघताना अशीच वळायची." मग डबा मागे-पुढे करत बराच वेळ बसले.

आयर्न घ्यावी का? २८० मध्ये घ्या. पण बिल खिशात घालायच्या आधी चाचांसारखा माणूस गाठा आणि ३७० ची करून वापरायला काढा. माझ्याकडे चौथ्या सांध्याचे स्लीपर कापून तयार आहेत, उद्या पहाटे व्होल्टेज बघतो.